मो आजींचा डावा मागचा पाय

मो आजींना फसवणारा अजून जन्माला यायचा होता! वाडीत असं दुसरं कुणी म्हणत नसे. मो आजी स्वतःच म्हणत, आणि कुणी विसरू नये म्हणून वरचेवर म्हणत.

“माणसाची चाल बघितली की त्याच्या पोटातलं कळतं मला,” त्या सांगायच्या. “मी इथं लसूण सोलत बसलेली असते, पण रस्त्यानं जाणारा कुणाचं काय उचलून चाललाय ते मला इथून दिसतं!”

मंडळी, देवानं अशी नजर दिली की माणसाची झोप उडते. मो आजींची उडालीच होती. कारण होती एक गाय. आख्खी गायसुद्धा नाही, गाईचा एक पाय!

चीनमधल्या गुइझोऊच्या डोंगरातल्या हेईशी वाडीतली तरणीताठी मंडळी केव्हाच शहरातल्या कारखान्यांत गेली होती. मागं उरले म्हातारे, कोंबड्या आणि धुकं. तालुक्याचे मेंग साहेब एके दिवशी आले, आणि एकट्या राहणाऱ्या, गरीब चौघा म्हाताऱ्यांना मिळून एक गाय देऊन गेले. पिवळी तिचं नाव. चौघांत एका गाईची वाटणी कशी करायची, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. आजे-पणजे जसं करत आले तसंच केलं. चार माणसं, चार पाय, ज्याचा त्याचा एकेक!

पुढचा उजवा ताओ मावशींचा. या सोयाबीनचा टोफू करून विकायच्या आणि जीभ मात्र फुकट चालवायच्या. पुढचा डावा तियान दादांचा. हे जेवण झालं की झोपत, आणि झोप झाली की जेवत. मागचा उजवा वेई आजोबांचा. त्यांच्या घरी मक्याची दारू गाळली जाई, आणि तिचा पहिला घोट देवाला, दुसऱ्यापासून पुढचे सगळे त्यांना. मागचा डावा मो आजींचा.

पिवळीनं पंधरवडा-पंधरवडा एकेकाच्या गोठ्यात राहायचं, आणि ज्याच्या गोठ्यात शेण पडेल त्याचं ते शेण. नियम साधा होता. पण मो आजींना त्यात पहिल्या महिन्यातच काळंबेरं दिसलं.

“खाते माझ्याकडं,” त्या भूमीदेवाला म्हणाल्या, “आणि टाकते ताओकडं! देवा, हे गाईच्या मनानं होतंय का माणसाच्या?”

वाडीच्या वेशीवर, म्हाताऱ्या झाडाखाली, भाताच्या हंड्याएवढं भूमीदेवाचं दगडी देऊळ होतं. मो आजींचा सगळा जीव त्या देवावर. रोज सकाळी एक उदबत्ती आणि एक तक्रार, असा नेम.

एकदा पिवळीच्या नेमक्या डाव्या मागच्या पायात काटा गेला. उरलेले तिघं पुढं येऊन वाकून बघून गेले, आणि वेई म्हणाले, “वहिनी, तुमचा पाय, तुमचा काटा!” मो आजींनी एकटीनं काटा काढला, एकटीनं पाला वाटून बांधला. तेव्हापासून त्या बाकीच्या तीन पायांकडं परक्याच्या शेताकडं बघावं तशा बघत.

तरीही पिवळी त्यांना जीवापाड हवी होती. त्यांचा मुलगा योंगशेंग दूर समुद्राकाठच्या शहरात, अकराव्या मजल्यावर राहायचा. गुणाचा मुलगा! दर आठवड्याला फोन करून म्हणायचा, “आई, गाय आहे म्हणून राहू देतोय तुला तिथं. गाय गेली की मी न्यायला आलोच!”

मो आजी एकदा तिथं राहून आल्या होत्या. खाली माती नाही, वर आभाळ नाही, माणूस मध्येच खुंटीला अडकवल्यासारखा! सूनबाई प्रेमानं वाढायची, पण मीठ आणायलासुद्धा तिच्याकडं मागावं लागायचं. आणि लिफ्ट नावाच्या त्या कपाटात शिरलं की मो आजींना वाटे, आता हे झाकण थेट देवाघरीच उघडणार. म्हणजे पिवळी आहे तोवर वाडी आणि पिवळी गेली की अकरावा मजला, असा सरळ हिशेब होता.

मेंग साहेबांनी तर आधीच बजावलं होतं, “जनावर धड ठेवा, एकोप्यानं राहा. ते आजारी पडलं किंवा तुमची भांडणं माझ्या कानावर आली, तर गाय उचलून तालुक्याच्या गोठ्यात नेईन!”

आणि अशातच पिवळी गाभण राहिली!

वाडीत आनंदीआनंद झाला आणि दुपारच्या जेवणापर्यंत टिकला. जेवताना वेई आजोबा म्हणाले, “वासरू मागच्या पायांमधून येणार. म्हणजे ते माझं आणि वहिनींचं.”

“वा रे वा!” ताओ मावशींनी जेवणाच्या काड्या वाटीवर आपटल्या. “खाल्लं कुठून तिनं? तोंडानं! तोंड कुठंय? पुढं! आमच्या बाजूचं अन्न खाऊन वाढलेलं वासरू तुमचं कसं?”

“येतं तिकडून, जाणार तिकडं!”

“तिकडून शेणही येतं, भाऊजी. ते घ्या की सगळं!”

मो आजी मागच्याच बाजूच्या होत्या, पण वेईंचं “माझं आणि वहिनींचं” त्यांना खटकलं. या माणसानं ‘माझं’ आधी का म्हटलं? तियान दादा तेवढे काही बोलले नाहीत. त्यांचा डोळा लागला होता.

भांडण मेंग साहेबांच्या कानावर जायच्या आत मिटायला हवं होतं, म्हणून शेवटी कौल गुरांच्या देवावर, बैलराजावर सोपवायचं ठरलं. दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी बैलराजाचा सण. वाडीतली मंडळी गेलाओ जमातीची, आणि गेलाओ माणसाच्या घरी त्या दिवशी जनावराला कामाला जुंपत नाहीत. चिकट भात कुटून त्याचे गोळे करायचे, ते गाईच्या दोन्ही शिंगांना बांधायचे आणि तिला तळ्यावर नेऊन पाण्यात तिचं रूप दाखवायचं. वर्षभर राबलीस बाई, बघ किती सुंदर दिसतेस! मग तेच गोळे तिला भरवायचे. ठरलं असं, की रूप बघून झालं की पिवळीचा दोर सोडायचा, आणि ती ज्याच्या दारात जाईल त्याचं वासरू.

“देवाचा न्याय!” चौघंही म्हणाले.

आणि त्याच क्षणी मो आजींनी वेईंकडं, वेईंनी ताओंकडं आणि ताओंनी मो आजींकडं हळूच बघितलं.

सणाच्या आधीचा पंधरवडा नेमका तियान दादांचा. दादा दुपारी झोपले की गोठा म्हणजे धर्मशाळा! मो आजींनी घरी डोकं चालवलं. वेई गप्प बसणार नाही. ताओ तर नाहीच नाही. दोघंही गाईला चोरून खाऊ घालून आपल्या दाराची ओढ लावणार. अशा वेळी आपण हात बांधून बसणं हाच अन्याय! त्यांनी चिकट भात कुटला, काळे तीळ लावून गोळे वळले (काळे तीळ लावायची पद्धत वाडीत एकट्या मो आजींची), अंगरख्याआड टोपली घेतली आणि आधी भूमीदेवापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

“देवा, ही लाच नाही हं. त्या दोघांनी पारडं खाली ओढलंय, ते मी फक्त बरोबर करते.”

उदबत्ती लावायला वाकल्या, तर देवापुढं आधीच दोन ताज्या उदबत्त्या जळत होत्या!

मो आजी ताठ झाल्या. या वाडीत सणासुदीशिवाय देवाकडं फिरकतं कोण? ज्याच्या मनात पाप, तोच! म्हणजे पापं दोन झाली. त्यांनी स्वतःच्या दोन उदबत्त्या लावल्या आणि टोपलीत आणखी दोन गोळे टाकायला घरी परत गेल्या.

तियान दादांच्या ओट्यावर दादा तोंड उघडं टाकून झोपले होते. मो आजी गोठ्याच्या दारात पोचतात तो आतून ताओ मावशी बाहेर! हातात बादली, बादलीवर फडकं.

“इथं काय करतेस गं?”

“चाळण मागायला आले होते, अक्का.”

“बादली घेऊन?”

“चाळण न्यायची कशात मग?”

“आणि कुठंय ती चाळण?”

“दादा झोपलेत. झोपलेल्या माणसाकडं कशी मागायची?” असं म्हणून ताओ मावशींनी टोपलीकडं बघितलं. “तुम्ही इकडं कशा?”

“मी? देवळात निघाले होते.”

देऊळ वाडीच्या दुसऱ्या टोकाला होतं. दोघीही हसल्या. दोघींच्याही डोळ्यांपर्यंत हसू पोचलं नाही. बादलीतून टोफूच्या चोथ्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी मो आजी वेळ बदलून गेल्या, तर गोठ्यात वेई आजोबा, पाठीवर ओलं पोतं!

“कौलं बघायला आलो होतो वहिनी, दादांच्या गोठ्याची.”

“खालून?”

“गळकं कौल आतूनच दिसतं की!”

“पाऊस कुठंय?”

“म्हणूनच तर सापडलं नाही!” आणि वेई घाईघाईनं निघून गेले. जाताना पोत्यातून मक्याच्या दारूचा चोथा टिपटिप गळत गेला. तो वास सगळ्या वाडीला पाठ होता!

मो आजींनी गोळे दुप्पट केले. ताओंची बादली मोठी झाली. वेईंची पोती दोन झाली. भूमीदेवापुढं उदबत्त्यांचं रान माजलं. देवाच्या नाकातोंडात धूर जाऊन तो बिचारा काळाठिक्कर पडला! पिवळी मात्र मजेत होती. दादांनी टाकलेल्या गवताकडं ती आता ढुंकूनही बघेना.

“खात नाही हो,” दादा एकदा काळजीनं म्हणाले. “गवताला तोंडच लावत नाही.”

“कुणी काही केलं असेल,” मो आजी म्हणाल्या.

“हल्ली माणसांचा भरवसा नाही,” ताओ मावशी म्हणाल्या.

“जग बिघडलंय दादा,” वेई आजोबा म्हणाले.

सणाचा दिवस उजाडला. मेंग साहेब चष्मा पुसत, मोबाईल सरसावत फोटो काढायला हजर! पिवळीला न्हाऊ घातलं, दोन्ही शिंगांना भाताचे गोळे बांधले. गळ्यात लाल कापड घातलं तेव्हा मो आजींना जरा शंका आली. लग्नाच्या मांडवात नवऱ्यामुलाचा सदरा तटतटावा तशी तिची कातडी तटतटली होती.

“काय तब्येत केलीये!” मेंग साहेब खूश झाले. “शाबास, आजी!”

तिघं एकमेकांकडं न बघता हसली.

पिवळी तळ्याच्या काठावर आली. खाली वाकली. पाण्यात तिला तिचं रूप दिसलं, त्या रूपाच्या शिंगांना बांधलेले भाताचे गोळे दिसले. ते बघितले मात्र, तिनं असा एक हंबरडा फोडला की काठावरची बदकं उडाली! आणि ती मटकन खाली बसली. डाव्या कुशीचा ढोल झाला होता. श्वास तोकडा पडत होता.

“हे काय झालं?” मेंग साहेबांचा मोबाईल खाली आला. “आजारी आहे की काय? बघा हं, जनावर आजारी असेल तर मला तालुक्याला कळवावं लागेल!”

मो आजींच्या डोळ्यांपुढं लिफ्टचं दार उघडलं.

“पोट फुगलंय!” त्या ओरडल्या. “उठवा तिला! चढावर न्या, तोंड वर, शेपूट खाली! ताओ, दांडकं आण, मीठ लाव, तोंडात आडवं बांध, चघळू दे!”

“फुगलंय ते डावीकडं,” वेई म्हणाले. “म्हणजे वहिनी, तुमच्या बाजूचं…”

“पोट कुणाच्या नावावर नाही, मेल्या! ढकल!”

आणि निघाली मंडळी! पुढं ताओ मावशी आणि जागे झालेले तियान दादा दोर ओढताहेत, मागं मो आजी आणि वेई आजोबा खांदा लावून ढकलताहेत. मध्येच मो आजी धावत पुढं येऊन डावी कूस मळतात, पुन्हा मागं जातात. चौघांच्या वयाची बेरीज केली असती तर कुठल्याशा राजघराण्याचा काळ भरला असता! मेंग साहेब बाजूनं धावत, “सावकाश! सावकाश!” म्हणत होते, आणि सवयीनं फोटोही काढत होते.

“देवा भूमीदेवा,” मो आजी ढकलता ढकलता पुटपुटल्या, “त्या दोघांना क्षमा कर.” दोन पावलं गेल्या आणि म्हणाल्या, “बरं, मलाही.”

देवानं ऐकलं. म्हाताऱ्या झाडाच्या वळणावर, देवळाच्या अगदी समोर, पिवळीनं दांडकं चघळलं, मान लांब केली, आणि ढेकर दिली. ती काय साधी ढेकर! समोरच्या कड्यावर आपटून परत आली ती. मेंग साहेबांच्या चष्म्यावर वाफ धरली. ताओ मावशी तीन पावलं मागं सरकल्या. सगळ्या रानात मक्याच्या दारूचा घमघमाट सुटला.

सगळ्यांनी वेई आजोबांकडं बघितलं. वेई आजोबांनी आभाळाकडं बघितलं.

“तरी म्हटलं मी!” मो आजी कंबरेवर हात ठेवून कडाडल्या. “माणसाची चाल बघितली की…”

वाक्य पुरं झालं नाही. पुढून वाट मोकळी झाल्यावर पिवळीनं मागूनही सोडली. पहिला मान मागच्या दोन पायांच्या मालकांना मिळाला, डोक्यापासून वहाणांपर्यंत! मो आजींनी डोळे पुसले, तेव्हा ताओ मावशी वाकून रस्त्यावर बघत होत्या.

“अक्का,” त्या गोड आवाजात म्हणाल्या, “हे काळे तीळ कुणाचे हो?”

मो आजींना फसवणारा जन्माला यायचा होता, पण त्यांना पकडणारे तीळ रस्त्यावर पडले होते. शेजारी सोयाबीनची सालंही पडली होती, न पचलेली, ढीगभर. वेईंनी बोटानंच ती ताओ मावशींना दाखवली. 

चष्मा पुसून झाला तसा मेंग साहेबांचा चेहरा कठीण झाला. “या गाभण गाईला हे सगळं खायला घातलं कुणी? खरं सांगा. सांगितलं नाहीत तर गाय आत्ताच्या आत्ता घेऊन जातो.”

वेई आजोबा वहाणांवरचं शेण पुसू लागले. ताओ मावशींनी बाहीचं टोक चावलं. वर्षभर या दोघांवर नजर ठेवून, त्यांची एकेक लबाडी मनात रचून मो आजी याच क्षणाची वाट बघत होत्या! साहेबांपुढं एकदा बोट उगारायचा अवकाश. त्यांनी बोट उगारलं सुद्धा. मग त्या बोटावरून ओघळ खाली आला. शेजारी वेईंच्या भुवईवरूनही तसाच ओघळ येत होता, आणि दोघं ढकलून ढकलून सारखेच धापत होते.

“सगळ्यांनी मिळून घातलं, साहेब,” मो आजी म्हणाल्या. “चौघांनी. मायेनं.”

यातला पहिला भाग जवळजवळ खरा होता. दुसऱ्यासाठी त्यांनी देवळाकडं बघून हळूच हात जोडले.

मेंग साहेबांनी चौघांकडं बघितलं. दोघं शेणात न्हालेले, दोघांच्या तळहातांना दोरानं वळ पडलेले. मग त्यांनी मोबाईलमधले फोटो बघितले. त्यात चार म्हातारी माणसं एका गाईला डोंगर चढवत होती.

“वीस वाड्या फिरलो मी,” ते हळू आवाजात म्हणाले, “पण असा एकोपा कुठं नाही बघितला.” आणि त्यांचे डोळे भरून आले! पिवळीच्या ढेकरीचा वास असेल, पण भरून आले हे खरं. “गाय इथंच राहील. पण यापुढं फक्त गवत! प्रसाद बंद!”

साहेब गेले. पिवळी देवळाच्या मागचं गवत शांतपणे कुरतडू लागली. शिंगांवरचे भाताचे गोळे आता तिला द्यायचे नव्हते, म्हणून चौघं झाडाखाली बसून तेच खाऊ लागली, हात धुऊनसुद्धा वास जात नव्हता तरी. वाटे सारखे झालेत का, हे मो आजींनी आधी बघून घेतलं.

“एक विचारू?” तियान दादा म्हणाले. दादा स्वतःहून बोलतात हेच नवल. “म्हणजे या पंधरवड्यात तुम्ही रोज दुपारी यायचात, ते गाईकडं?”

ताओ मावशींनी घाईनं मोठा घास तोंडात कोंबला.

“मला वाटलं, माझी चौकशी करायला येता.” दादांनी गोळा मोडून तोंडात टाकला. “झोपलेल्याला उठवू नये म्हणून बघून परत जाता. मी मुद्दाम डोळे मिटून पडायचो. म्हटलं, उठलो तर यायचे बंद होतील.”

ताओ मावशींना ठसका लागला. वेईंनी आपल्या वाट्यातला अर्धा गोळा काढून दादांच्या हातावर ठेवला. मो आजींनी मान वळवली आणि देवाकडं बघत राहिल्या. तो उदबत्तीच्या धुरानं काळा झाला होता, पण हसतोय असं त्यांना वाटलं.

“उद्यापासून येतो आम्ही,” त्या म्हणाल्या. “टोपली न घेता.”

गोळा संपला. मग दादांनी पुन्हा तोंड उघडलं.

“आणखी एक. ते वासराचं भांडण कळलं नाही मला. मी झोपलो होतो तेव्हा. वासराला पाय किती असतील?”

“चार,” वेई म्हणाले. “दुसरे किती असणार?”

“आपण माणसं किती?”

झाडावरचं एक पान सावकाश खाली आलं, ते चौघांनीही जमिनीला टेकेपर्यंत बघितलं. एवढे भाताचे गोळे, एवढ्या बादल्या, एवढी पोती आणि देवापुढच्या त्या उदबत्त्या!

सगळ्यांत आधी भानावर आल्या मो आजी. केसांतलं शेण अजून पुरतं वाळलं नव्हतं.

“पुढचा डावा माझा!” त्या ओरडल्या.

“पुढचा उजवा माझा!” वेई आजोबा त्याच दमात ओरडले.

ताओ मावशी आणि तियान दादा एकदम उठून उभे राहिले. दादांची झोप, मंडळी, त्या दिवसापासून कायमची गेली.